लांडग्याचा नकाशा आणि आपला सातबारा

(जिल्हा बैठकीतल्या भाषणाचं शब्दांकन)



कापसाच्या भावावर दुपारी बोलायचंच आहे. त्याआधी थोडा वेळ मी लांडग्यावर बोलणार आहे. मागं कुणीतरी हसलं. हसायला हरकत नाही, पण विषय आपल्या जमिनीचा आहे. आपल्या शिवाराचे नकाशे आपल्याला न विचारता निघतात आणि मग एक दिवस खरेदीखत करायला गेलं की कळतं, तुमची जमीन कुठल्या तरी रंगात गेलेली आहे. या राज्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी हे एकदा भोगलंय. आधी ते सांगतो.

१९७९ साली सोलापूर आणि नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, या दोन जिल्ह्यांत माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर. साडेआठ लाख हेक्टर. आपल्या भाषेत एकवीस लाख एकर! त्यात गावं आली, बाजाराची ठिकाणं आली, ज्वारीची रानं आली. माळढोकाला हवा होता गवताचा माळ. कागदावर मात्र तालुकेच्या तालुके रंगवून टाकले. खाजगी जमिनींचे खरेदी-विक्रीचे व्यवहार अडले, बिगरशेतीची प्रकरणं अडली. गरजेला एकरभर विकून मोकळं होणं हा गरीब शेतकऱ्याचा शेवटचा आधार, त्यालाच टाचणी लागली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि तीसएक वर्षांनी क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. सात वाट्यांतले सहा वाटे काढून टाकावे लागले. एक पिढी त्या सहा वाट्यांत म्हातारी झाली. आणि माळढोक? तो काही वाढला नाही. पुढं पुढं नान्नजच्या माळावर एखादा पक्षी दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी यायची.

आता लांडग्याचा नकाशा आलेला आहे. त्याच्यावर अजून कुणी अभयारण्य चढवलेलं नाही, म्हणूनच आज बोलायचं. चढवल्यावर बोलून काय उपयोग?

देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतले यादवेंद्रदेव झाला आणि त्यांचे सहकारी यांनी २०२२ साली हा अभ्यास छापला. देशभरातून लांडगा आढळल्याच्या ३,३२४ नोंदी घेतल्या, कॉम्प्युटरवर गणित मांडलं आणि सांगितलं की लांडग्याला राहण्याजोगं रान देशात ३,६४,४२५ चौरस किलोमीटर आहे. देशाच्या भूमीचा नववा हिस्सा झाला. एवढ्या रानात मोठे लांडगे असू शकतील ते सुमारे ३,१७०. कमी धरले तर २,५६८, जास्त धरले तर ३,८४७. शेजारी दुसरा आकडा ठेवा. २०२२ च्या गणनेत देशातल्या वाघांची सरासरी आली ३,६८२. वाघासाठी प्रकल्प आहे, पैसा आहे, टीव्ही आहे. लांडगा वाघापेक्षा थोडा आहे हे बहुतेकांना ठाऊकच नाही, कारण तो जंगलात राहत नाही, आपल्यात राहतो. २०२५ साली आययूसीएन या जागतिक संस्थेनं भारतीय लांडग्याचा वेगळा विचार करून त्याला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत ‘असुरक्षित’ म्हणून घातलं. आणि तो जास्त करून कुठल्या राज्यांत आहे? मध्य प्रदेश, राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्र. जिथं पाऊस कमी, माळ जास्त आणि मेंढरं आहेत तिथं. म्हणजे तुमच्या-माझ्या शिवारात.

असा नकाशा काढतात कसा, हे समजून घेतलं पाहिजे. न समजलेल्या कागदाला माणूस एक तर घाबरतो, नाही तर त्याच्यापुढं हात जोडतो. मी शेतकी शिकलेला माणूस. जमिनीची योग्यता काढणं आम्हाला शिकवलेलं असतं, त्याचंच उदाहरण देतो. समजा जिल्ह्यातल्या दोनशे शेतांत मालदांडी जोरदार आली, एवढंच तुम्हाला माहीत आहे. त्या दोनशे ठिकाणी मातीची खोली किती, उतार किती, परतीचा पाऊस किती, हे तुम्ही लिहून काढलंत. मग सगळ्या जिल्ह्याची माती, उतार, पाऊस त्याच्याशी ताडून पाहिलात, आणि जिथं जिथं तोच मेळ बसतो तिथं ‘इथंही मालदांडी साधेल’ अशी खूण केलीत. झाला नकाशा. लांडग्याचंही एवढंच आहे. मातीच्या खोलीच्या जागी गवत, झुडूप, उतार, पाऊस, रस्ते, माणसांची दाटी, वाघ-बिबट्याचा वावर, अशा गोष्टी घालायच्या. बरीचशी माहिती उपग्रहाच्या चित्रांतून आणि सरकारी आकड्यांतून मिळते. देशावर चौकोनांची जाळी टाकायची आणि कॉम्प्युटरनं प्रत्येक चौकोनाला शून्य ते एक यांच्यामध्ये गुण द्यायचे. या कामात फार चालणारं ‘मॅक्सएंट’ नावाचं एक गणित आहे. अमेरिकेतल्या तिघांनी २००६ साली ते मांडलं. तेव्हापासून जगभर हत्तीपासून वटवाघळापर्यंत सगळ्यांचे नकाशे त्याच्यावर निघताहेत.

आता यातली गोम बघा. कॉम्प्युटरला ‘इथं दिसला’ एवढंच सांगितलेलं असतं. ‘इथं नाही’ हे कोण सांगणार? लांडगा नाही हे सिद्ध करायला वर्षभर बांधावर रात्र काढावी लागेल. म्हणून हे गणित लांडगा दिसलेल्या जागांची तुलना बाकीच्या सगळ्या रानाशी करतं. बरं, दिसला कुणाला? जो बघायला गेला त्याला. बघणारा जीपमधून जातो, डांबरी रस्त्यानं जातो, विश्रामगृहाच्या आसपास फिरतो. मग कॉम्प्युटर काय शिकतो? लांडग्याला डांबरी रस्ता फार आवडतो!

शास्त्रज्ञांना हे कळत नाही असं नाही. एका जागच्या दाट नोंदी ते विरळ करतात, काही नोंदी बाजूला ठेवून नकाशा त्यांच्यावर तपासतात, एकाच गणितावर विसंबत नाहीत. पण ज्या शिवारातून एकही नोंद गेली नाही त्या शिवाराबद्दल कॉम्प्युटर लांबूनच बोलणार. आणि चौकोनाला चांगले गुण मिळाले म्हणजे तिथं लांडगा आहे असंही नाही. रान जोगं आहे, एवढाच त्याचा अर्थ. मालदांडीला जमीन चांगली असली तरी पेरल्याशिवाय ज्वारी येत नाही, आणि लांडगे मारून संपवलेल्या माळालाही गुण चांगलेच पडतात.

आपल्या राज्यात याहून बरं काम झालेलं आहे. इरावती माजगावकर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१९ साली छापून आला. पश्चिम महाराष्ट्र-मराठवाड्याकडच्या सुमारे ८९,००० चौरस किलोमीटर मुलखात त्यांनी वन खात्याच्या खालच्या कर्मचाऱ्यांना, रोज रानात फिरणाऱ्यांना विचारलं: लांडगा दिसतो का, तरस दिसतो का, बिबट्या दिसतो का. निम्म्याहून बऱ्याच जास्त मुलखात लांडगा निघाला. त्या मुलखात अभयारण्यं औषधापुरती. याचा अर्थ सरळ आहे. लांडगा आजवर टिकला तो सरकारी कुंपणाच्या आत टिकलेला नाही. आपली पिकं, पडीक रानं, गायरानं आणि मेंढरांच्या वाटा यांच्यामध्ये टिकलेला आहे. त्यांनी वनरक्षकाला विचारलं हे चांगलं केलं. माझं म्हणणं, आणखी एक पायरी खाली या आणि मेंढक्याला विचारा.

का, ते सांगतो. आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे.

लांडग्याला दोन तऱ्हेचं रान लागतं. एक हिंडायचं आणि एक वेतायचं. एका टोळीचं हिंडायचं रान सरासरी १८८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या दहा-पंधरा गावांची शिवारं सहज बसली. या रानात माणसं असली, पिकं असली, गाडीवाटा असल्या तरी त्याचं चालतं. पऱ्हाटीतून तो जातो, तुरीत दडतो, तुम्ही पाणी द्यायला गेलात तर बाजूनं निघून जातो. वेतायच्या जागेचं तसं नाही. मादीला पिल्लं होतात हिवाळ्यात. ज्वारी हुरड्यात येते त्या दिवसांत पिल्लं बिळात असतात. तेव्हा तिला निवांत जागा लागते: नाल्याची दरड, खडकाची कपार, माळावरचं दाट झुडूप. जागा लहान, पण माणसाचा आणि कुत्र्याचा त्रास नको. २०२२ च्या अभ्यासातही हेच निघालं. माणसाची मध्यम वर्दळ लांडगा सोसतो. पिल्लं वाढवायला मात्र वर्दळ नसलेले तुकडे लागतात, आणि शेतीच्या मुलखात असे तुकडे उरले नाहीत, हे त्याच्यावरच्या मोठ्या संकटांपैकी एक आहे. रस्त्यावर गाड्यांखाली मरणं, माणसांनी मारणं, मोकाट कुत्र्यांचे रोग ही बाकीची. कुत्र्यांशी संकर होतो तो वेगळाच; पुण्याजवळच्या एका जनावराच्या जनुकांवरून तो २०२३ साली सिद्धही झाला.

म्हणून नकाशे दोन आहेत. हिंडायच्या रानाचा नकाशा देहरादूनला बसून निघतो. त्यात लाखो चौरस किलोमीटर येतात, तुमचा-माझा सातबारा येतो, आणि त्याच्यावर कायदा चढवला तर माळढोकाचा खेळ पुन्हा सुरू. वेतायच्या जागांचा नकाशा एकराएकरांचा. तो उपग्रहाला दिसत नाही. कुठल्या नाल्याच्या कुठल्या दरडीत दर वर्षी माती उकरलेली असते, हे मेंढक्याला, शेळीवाल्या बाईला आणि रात्री पाणी धरणाऱ्या गड्यालाच ठाऊक असतं. लांडगा वाचवायला खरा उपयोगी नकाशा हा दुसरा आहे, आणि तो आपल्याशिवाय निघत नाही. कर्नाटकात कोप्पळ जिल्ह्यात बंकापूरला लांडग्यासाठी अभयारण्य आहे. केवढं? सुमारे ३३२ हेक्टर, म्हणजे आठशे वीसएक एकर. आपल्याकडं माळढोकासाठी एकवीस लाख एकर रंगवले होते.

आता कायद्याचं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्याच्या कलम १८ खाली अभयारण्य करायचा इरादा जाहीर झाला की कलम २० लागू होतं: त्या हद्दीतल्या जमिनीवर वारसाहक्काखेरीज नवा हक्क कुणाला मिळत नाही. खरेदीखत अडतं ते इथं. दुसरी वाट २००२ च्या दुरुस्तीनं आली, कलम ३६-सी. समुदाय राखीव क्षेत्र. गावानं किंवा मालकानं स्वतःहून पुढं यायचं, गावाची समिती कारभार बघणार. ऐकायला गोड आहे. पण त्यातही मेख आहे. एकदा जाहीर झालं की जमिनीचा वापर बदलायला समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी लागते. खाजगी सातबाऱ्यावर हे घेऊ नका असंच मी सांगेन. गायरानाच्या एखाद्या तुकड्यासाठी विचार करायला हरकत नाही, तोही ग्रामसभेत वाचून, समजून.

गायरानाचं नाव निघालंच आहे. आपल्या माळाला सरकारी भाषेत नाव काय? ‘पडीक’. पडीक जमिनींचा एक नकाशासंग्रह केंद्र सरकार २००० सालापासून छापतं. त्यात झुडपाची जमीन पडीक, निकृष्ट चराऊ रान पडीक. म्हणजे तोच माळ एका खात्याच्या नकाशात निकामी आणि दुसऱ्या खात्याच्या नकाशात लांडग्याला उत्तम! दोन्ही नकाशे उपग्रहावरूनच काढलेले. आणि आपण त्याच माळाला म्हणतो चराई. तिसरा नकाशा आपल्या डोक्यात आहे, त्याला कुठल्याच खात्यात फाईल नाही.

निकामी ठरलं की माळावर काय काय येतं हे तुम्ही पाहताय. गवताच्या माळावर चर खणून झाडं लावायची, ती जगत नाहीत आणि गवतही जातं. मुरमाच्या खाणी येतात, अतिक्रमणं होतात, त्यात आपलीच माणसं पुढं असतात हेही बोललं पाहिजे. आणि सौर ऊर्जा. इथं मी सावध बोलतो. शेतीला दिवसा वीज ही आपलीच मागणी. २०२३ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आली ती त्यासाठीच, आणि तिच्यासाठी सरकारी जमीन म्हणून गायरानं दिली जाताहेत. रात्री बारा वाजता साप-विंचवात पाणी धरणाऱ्या माणसाला मी ‘लांडग्यासाठी सोलर नको’ असं सांगणार नाही. पण गायरानातला कुठला गट द्यायचा हे ठरवताना वेतायची जागा, पाणवठा आणि मेंढरांची वाट सोडून दुसरा गट दाखवता येतो. तो दाखवायला आपल्या हातात कागद पाहिजे. कागद नसला की मोजणीवाला सोयीचा सपाट तुकडा उचलतो.

आता मेंढपाळ भावांचा प्रश्न, तो रास्त आहे. तुम्ही नकाशे काढा, माझ्या शेळ्या गेल्या त्याचं काय? नान्नजच्या माळावर सतीश कुमार आणि असद रहमानी यांनी १९९० च्या दशकात लांडग्यांचा अभ्यास केला, तेव्हाही गावातली जनावरं तो मारतो हे त्यांनी नोंदवलं. लांडगा हरीण-ससे खातो, उंदीर खातो, म्हणून तो आपला मित्र, असली गोड भाषा शेळी गेलेल्या घरात जाऊन बोलू नये. नुकसान खरं आहे आणि ते गरिबाचं आहे. शहरातल्या माणसाला लांडगा हवा असेल तर त्याचा खर्च भूमिहीन मेंढक्यानं का सोसायचा? भरपाई पूर्ण बाजारभावानं आणि वेळेवर मिळाली पाहिजे, ही आपली मागणी आहेच.

पण भरपाईची आणखी एक बाजू लक्षात आणून देतो. शेळी मारली की ४८ तासांच्या आत वन खात्याला कळवायचं, पंचनामा होईपर्यंत मढं हलवायचं नाही, असा नियम आहे. आपण काय करतो? वनरक्षकाचं ठाणं लांब, हेलपाटे नकोत, मिळणार किती, म्हणून सोडून देतो. पंचनामा झाला नाही म्हणजे पैसे गेले आणि नोंदही गेली. त्या शिवारात लांडगा आहे हे सरकारदरबारी कुणालाच कळलं नाही. उद्या नकाशात तुमचं शिवार रिकामं दिसतं आणि माळ निकामी ठरतो. पंचनाम्याचा कागद एकाच वेळी तुमच्या शेळीचा पुरावा असतो आणि लांडग्याचाही. कुत्र्यांनी मारलेली शेळी लांडग्याच्या नावावर घालू नका, त्यानंही नकाशा बिघडतो. माग बघायला तुम्हाला मी काय शिकवणार. लांडगा एका रेषेत जातो, कुत्रं हुंगत इकडंतिकडं जातं.

आणि मेलेल्या शेळीवर पिकाचं औषध टाकून ठेवायचं, बिळात धूर करायचा, हे बंद करा. लांडगा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तीन ते सात वर्षं कैद आहे. सापडतो तो शेवटी मेंढक्याचा पोरगाच, औषध विकणारा सापडत नाही.

काही जण म्हणतील, नोंद केली तर अभयारण्य येईल, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. ही भीती नान्नजनं शिकवलेली आहे, मी तिला खोटी म्हणत नाही. पण १९७९ मध्ये कुणी नोंदी करत बसलं नव्हतं, तरी नकाशा निघालाच. गप्प बसलेल्याची जमीनही रंगवली गेली. आपली स्वतःची नोंद असती तर ‘माळढोकाचा माळ हा एवढा, बाकी आमची ज्वारी’ असं पहिल्या दिवशी दाखवता आलं असतं.

ही नोंद कुठं करायची? जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकांची नोंदवही असायला हवी. पुष्कळ गावांत ती २०२० च्या सुमाराला मुदत गाठायची म्हणून घाईघाईनं भरली गेली. पंचायतीत जाऊन ती काढा आणि वाचा. चराईच्या वाटा, पाणवठे, गायरानाचे गट तिच्यात घाला. लांडग्याबद्दल ‘आढळतो’ एवढं लिहा, कुठल्या हंगामात ते लिहा. बिळाची नेमकी जागा मात्र उघड्या कागदावर लिहू नका. मारणारे जातील, आणि त्यांच्याआधी मोठ्या कॅमेऱ्यांच्या गाड्या जातील. पिल्लांना त्या गाड्यांचाही त्रासच. ती जागा समितीच्या दोन-तीन जाणत्यांना ठाऊक असावी. शास्त्रज्ञ आले तर त्यांना सोबत नेऊन दाखवावी, आणि त्यांच्या छापील नकाशात दहा किलोमीटरच्या चौकोनापेक्षा बारीक खूण नको, असं आधी लिहून घ्यावं. त्यातले बरेच जण हे आनंदानं मान्य करतात.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावानं तीन कागद आणायचे आहेत. गायरानाचा सातबारा, गट नंबर आणि क्षेत्रासह. गेल्या तीन वर्षांत जनावरं गेली त्याची यादी, पंचनामा झालेली वेगळी आणि न झालेली वेगळी. आणि गायरानातली कुठली जमीन कुणाला दिली किंवा मागितली आहे, त्याचा पंचायतीचा ठराव. ज्या गावात असा ठराव झाल्याचं कुणालाच आठवत नाही पण जमीन दिलेली आहे, त्या गावानं माहितीच्या अधिकारात अर्ज करून यावं. अर्जाचा नमुना टेबलावर ठेवलाय. मेंढपाळांच्या वस्त्या बैठकीला येत नाहीत, त्यांच्याकडं आपण जायचं, आणि दुपारी जायचं नाही, मेंढरं बसल्यावर संध्याकाळी जायचं.

जेवण तयार आहे. दोन वाजता कापसावर बसू.